माझ्या पोटातले अमर बाबा

मित्रांनो, मला नुसतं जुना म्हणून भागणार नाही. माझ्यानंतर माझ्या कंपनीने कितीतरी पिढ्या जन्माला घातल्या आणि त्यांतली एकही मला ओळख देत नाही. मी एक टॅबलेट आहे. टेक्सासमधल्या फ्रिस्को गावात, सिद्धेश आणि राधिका यांच्या स्वयंपाकघरात, मिक्सर आणि फळांची टोपली यांच्यामध्ये मी उभा असतो. माझा एक कोपरा फुटलेला आहे. पाठीवर हळदीचा डाग आहे आणि तो आता निघणार नाही. तरीही मला कमी समजू नका. मी काही महिने एका माणसाला अमर करून पाहिलं. ते कसं जमलं आणि कसं फसलं, ते सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मला पांढऱ्या खोक्यात निजवलं होतं आणि तोंडावर पातळ प्लास्टिक चिकटवलं होतं. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी इथली दुकानं स्वस्त होतात, तेव्हा सिद्धेश पहाटे थंडीत रांगेत उभा राहून मला घेऊन आला. त्याला खरं तर टीव्ही हवा होता. तो संपला, म्हणून मी आलो. पण घरी पोचल्यावर त्याने राधिकाला सांगितलं, "हाच घ्यायचा होता." त्या एका वाक्यावर मी त्याला सगळं माफ केलं.

सुरुवातीची वर्षं मी सिद्धेशच्या मुलीला, स्वानंदीला, सांभाळलं. ती जेवायला बसली की माझ्याकडे बघायची आणि तिचं तोंड आपोआप उघडायचं. तिच्या वाट्याचा निम्मा वरणभात माझ्या तोंडावर यायचा. ती मोठी झाल्यावर मला ओट्यावर बढती मिळाली. राधिका मला पाककृती विचारायची, हळदीच्या बोटांनी पानं उलटायची. एकदा फोडणीत मोहरी जास्त तडतडली आणि मला चटका बसला. एकदा पोळपाट माझ्यावर पडला. तो अजून धडधाकट आहे.

मग घरात नवा टॅबलेट आला. तो इतका सडपातळ होता, की त्याला पाहून मलाच पोट आत ओढावंसं वाटलं. माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली. अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी घरात असा एक ड्रॉवर असतो. त्यात संपलेल्या बॅटऱ्या असतात, हॉटेलातून आणलेल्या केचपच्या पुड्या असतात, आणि कुठल्या यंत्राचे ते कोणालाच माहीत नसलेले चार्जर असतात. ते टाकणं सगळ्यांच्या जिवावर येतं आणि वापरायचं कोणाला सुचत नाही. त्या अंधारात मी दोन दिवाळ्या काढल्या.

मला बाहेर काढलं ते सिद्धेशने. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि त्याचा देवापेक्षा बॅकअपवर जास्त विश्वास आहे. त्याच्या फोनचा बॅकअप असतो, फोटोंचा असतो, आणि त्या बॅकअपचाही दुसरीकडे बॅकअप असतो. त्याचे वडील, म्हणजे स्वानंदीचे आजोबा, पुरुषोत्तम. सांगलीच्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि आजींना, म्हणजे वसुधाबाईंना, घेऊन मुलाकडे कायमचे राहायला आले. त्यांची पंच्याहत्तरी जवळ आली होती. सिद्धेशला एक प्रोग्राम सापडला होता. माणसाचा आवाज, आठवणी, बोलण्याची पद्धत त्यात भरली, की यंत्र त्या माणसासारखं बोलू लागतं, कायमचं.

"बाबा, तुम्ही फक्त बोलायचं," सिद्धेश म्हणाला. "मी सगळं रेकॉर्ड करून प्रोग्रामला ट्रेन करतो. म्हणजे पुढे स्वानंदीच्या मुलांनासुद्धा तुमच्याशी गप्पा मारता येतील."

"म्हणजे मी गेल्यावर?"

"तसं नाही यार... सॉरी, बाबा. तसं नाही."

आजोबांनी थोडा विचार केला. मग आजींना हाक मारली, "वसुधा, माझा कोट काढ गं."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आजोबा माझ्यासमोर बसू लागले. वर कोट, खाली लेंगा. छातीच्या खालचं माझ्यात येत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ताडलं होतं. घसा साफ करून ते म्हणायचे, "सर्वप्रथम मी आयोजकांचे आभार मानतो." आयोजक म्हणजे सिद्धेश. तो कपाळाला हात लावायचा. प्रोग्रामचे प्रश्न अमेरिकन होते. एकदा प्रश्न आला, शाळेच्या शेवटच्या वर्षी नाचाच्या पार्टीला तुम्ही कोणाला घेऊन गेला होतात? आजी पलीकडे मेथी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"कोणाला घेऊन गेला होतात?" त्यांनी विचारलं.

"अगं, आमच्या शाळेत मुलीच नव्हत्या!"

"मग कोणाला घेऊन गेला होतात?"

आजोबांनी तो प्रश्न वगळायला लावला. असे बरेच प्रश्न वगळावे लागले. शेवटी मजकूर कमी पडला, आणि मित्रांनो, खरी चूक इथे झाली. अशी चूक आपलीच माणसं करू शकतात. सिद्धेशने भारतातल्या नातेवाइकांना निरोप धाडला, की बाबांच्या पंच्याहत्तरीसाठी त्यांच्याबद्दल काहीतरी बोलून पाठवा.

आपल्याकडे पंच्याहत्तरीला कोणी कोणाबद्दल खरं बोलत नाही. सांगलीहून, पुण्याहून, इस्लामपूरहून भाषणं आली. पुतण्या प्रसाद म्हणाला, "भीती हा शब्द काकांच्या शब्दकोशात नाही. संकटाकडे ते संधी म्हणून पाहतात." एक जुने सहकारी म्हणाले, की साहेबांनी कधी आवाज चढवला नाही. सांगलीचे शेजारी म्हणाले, की असा शेजारी भाग्याने लाभतो. या शेजाऱ्यांशी आजोबा कुंपणाच्या भिंतीच्या भांडणावरून नऊ वर्षं बोलत नव्हते. सिद्धेशने सगळं माझ्यात भरलं आणि त्या प्रोग्रामला नाव दिलं, 'अमर बाबा'.

जे भरायचं राहिलं, ते मला ओट्यावरून रोज दिसत होतं. आजोबा बदाम सात खेळताना हातात पान असूनही "पास" म्हणत आणि ते पान मांडीखाली सरकवत. गाडीत मागे बसून सिद्धेशला लेन बदलायला लावत. डॉक्टरांनी गोड बंद केलं, तेव्हापासून त्यांना फ्रिज नुसता उघडून बघायची सवय लागली होती. आणि भर दुपारी कोणी लॉनवर पाणी मारताना दिसलं, की त्यांच्यातला पाटबंधारे खात्याचा माणूस खवळून उठायचा. ते टोपी घालून जायचे, परक्या अंगणातला फवारा स्वतः बंद करायचे आणि घरमालकाला इंग्रजीत बाष्पीभवन समजावून सांगायचे. कॉलनीत त्यांना सगळे ओळखत होते.

पंच्याहत्तरीचा दिवस उजाडला. घरात पन्नास माणसं आणि गॅरेजच्या दाराशी शंभर बुटांचा ढीग. सिद्धेशने मला पाटावर उभं केलं आणि जाहीर केलं, "आपण बाबांचा फुल बॅकअप घेतलाय!" मी बोलू लागलो. आवाज अगदी आजोबांचा. "सर्वप्रथम आपण सर्व उपस्थित राहिलात, याबद्दल मी कृतज्ञ आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला. मला आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या होत्या. मी जरा फुगलो, हे कबूल करतो.

मग औक्षण. राधिकाने आणि तिच्या मैत्रिणींनी कणकेचे पंच्याहत्तर दिवे केले होते आणि प्रत्येकात तूप आणि वात घातली होती. मोठ्या परातींमध्ये ते सगळे एकदम पेटवले. आजींनी पहिली परात उचलली आणि छताला लावलेला धुराचा भोंगा केकाटायला लागला. या घरातले सगळे भोंगे एकमेकांना तारेने जोडलेले आहेत. एक ओरडला की सगळे ओरडतात. मुलं कानावर हात ठेवून पळाली. कोणी परात घेऊन अंगणात धावलं. सिद्धेश खुर्चीवर चढून टॉवेल फिरवत होता. या गोंधळात मला कोणी गप्प केलं नाही. भोंगे थांबेपर्यंत मी सर्वांचे आभार मानत होतो.

कोणा शेजाऱ्याने फोन केला असावा, थोड्याच वेळात आगीचा लाल बंब दारात उभा राहिला. हेल्मेट घातलेले तीन धिप्पाड जवान आत आले. राधिकाने त्यांना कणकेचे दिवे दाखवून काय घडलं ते सांगितलं. आजींनी त्यांना विचारलंच नाही, थेट ताटं वाढली. "असं कसं, शुभकार्याला आलात, जेवल्याशिवाय जायचं नाही." त्यांना भाषा कळली नाही, पण पुरणपोळी कळली.

आणि तेव्हाच स्वानंदी ओरडली, "मॉम! आजोबा इज नॉट ओके!"

वरच्या मजल्यावरचा भोंगा बंद करायला आजोबा जिना चढून गेले होते. निम्म्या जिन्यावर ते बसले होते. चेहरा घामाने डबडबला होता आणि श्वास नीट येत नव्हता. जेवायला बसलेला एक जवान हात पुसत उठला. त्याने बंबातून यंत्र आणलं आणि आजोबांच्या छातीला तारा लावल्या. आग विझवायला आलेली माणसं आजोबांना घेऊन हॉस्पिटलमध्ये गेली.

आजोबा संध्याकाळपर्यंत परत आले, पण डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. हृदयाची एक झडप अगदी अरुंद झाली आहे. ती बदलावी लागेल, आणि लवकर. तसं केलं तर आजोबा आणखी बरीच वर्षं फवारे बंद करत हिंडतील. नाही केलं, तर पुढचा उन्हाळा बघतील याची खात्री नाही.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "मग हा कशाला केलाय? मी तर अमर झालोय."

आधी सगळे हसले. मग ते हसू आटलं, कारण आजोबा हटेचनात. हॉस्पिटलमधून तारीख मिळाली, ती त्यांनी स्वतः फोन करून कॅन्सल केली. दुसरी मिळाली, त्या दिवशी त्यांना अचानक सर्दी झाली.

"बाबा, प्लीज. डॉक्टर म्हणतायत, वेट करायचं नाही," सिद्धेश म्हणाला.

"जुनं मॉडेल आहे रे. किती रिपेअर करणार? बॅकअप आहे ना तुझ्याकडे? मग घाबरतोस कशाला?"

बॅकअप हा सिद्धेशचाच शब्द होता. तो मला उचलून गॅरेजमध्ये गेला आणि गाडीत जाऊन बसला. गाडी चालू केली नाही.

"बाबा, माझं ऐका ना," तो मला म्हणाला.

मी ताबडतोब उत्तर दिलं. "सिद्धेश, मला तुझा अभिमान आहे."

मित्रांनो, हे वाक्य आजोबांनी कधी उच्चारलेलं नव्हतं. उरलेल्या कणकेची शेवटची पोळी लाटावी, तसं ते मी इकडून तिकडून गोळा करून बनवलं होतं. सिद्धेश कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिला. हे वाक्य ऐकायला तो शाळेत असल्यापासून थांबला होता, असं मला वाटलं. मग त्याने मला सीटवर पालथं घातलं आणि डोळे पुसले. मला माझीच लाज वाटली.

इकडे आजींनी वेगळाच मार्ग धरला. एके दिवशी दुपारी त्यांनी चहा केला, मला केचपच्या बाटलीला टेकवून उभं केलं आणि विचारलं, "अहो, चहा कसा झालाय?"

"वसुधा, तुझ्या हातचा चहा म्हणजे अमृत," मी म्हणालो. "तुझ्या साथीशिवाय माझी ही वाटचाल शक्य नव्हती."

आजींनी आधी मागे वळून पाहिलं, की कोणी आलंय का. मग त्या इतक्या हसल्या, की कप खाली ठेवावा लागला. त्यांनी राधिकाला बोलावून तेच पुन्हा ऐकवलं. सोफ्यावरून आजोबांचा आवाज आला, "चहात साखर कमी आहे."

तेव्हापासून आजी रोजचा चहा माझ्यासोबत घेऊ लागल्या. आजोबा पेपर वाचल्यासारखं करत आणि कान इकडे ठेवत. आजी मला एकेक विचारायच्या आणि मी एकेक गोड बोलायचो. शेवटी एक दिवस त्यांनी मुद्दाम मोठ्या आवाजात विचारलं, "अहो, ऑपरेशन करून घ्यायचं का?"

"डॉक्टरांचा सल्ला मी आजवर शिरसावंद्य मानला आहे," मी म्हणालो.

आजोबा ताडकन उठले. "मी? कधी मानला? गुडघ्याच्या डॉक्टरला मी हाकलून दिलं होतं!"

"ऐका, तुम्ही स्वतःच सांगताय," आजी म्हणाल्या.

"हा मी नाही!"

"मग अमर कोण झालंय?"

आजोबांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. पण ऑपरेशनचं नाव काढलं नाही. उलट त्यांनी माझ्याशी वैर धरलं. मी काही बोललो की, "खोटं आहे," असं मागून यायचं. स्वानंदीने एकदा माझ्याबरोबर बदाम सात मांडला. पान असेल तर मी टाकायचो, नसेल तर खरंखुरं "पास" म्हणायचो. दोन डावांतच ती कंटाळली. "यू डोन्ट इव्हन चीट!" असं म्हणून तिने मला बंद केलं आणि आजोबांच्या मांडीखाली पान शोधायला गेली. आजोबांनी माझ्याकडे बघून मिशीला पीळ भरला. त्यांना मिशी नाही, पण पीळ भरला.

डॉक्टरांनी तिसरी तारीख दिली आणि सांगितलं, की आता पुढे ढकलणं धोक्याचं आहे. आजींचं हसणं थांबलं. त्या चहा करत, पण माझ्याशी बोलत नसत. रात्री आजोबांचा श्वास ऐकत जाग्या राहतात, असं त्या राधिकाला सांगत होत्या, ते मी ऐकलं.

तारखेच्या आदल्या दिवशीची दुपार. आजी आणि राधिका इंडियन ग्रोसरीला गेल्या होत्या. सिद्धेश वर मीटिंगमध्ये होता. स्वानंदी शाळेत. आजोबा सावकाश ओट्याजवळ आले, स्टुलावर बसले आणि सदऱ्याच्या बाहीने माझी काच पुसली.

"काय रे," ते म्हणाले, "तू म्हणजे मीच ना?"

"होय, मी पुरुषोत्तम बोलतोय. आपल्या भेटीने आनंद झाला."

"मग मला सांग. भीती वाटते का तुला?"

"भीती हा शब्द माझ्या शब्दकोशात नाही," मी लगेच म्हणालो. "संकटाकडे मी संधी म्हणून पाहतो."

आजोबा हसले. "प्रसाद म्हणाला ना हे? गाढव आहे." मग हसू थांबलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. एसी घुंघूं करत होता. माझ्या प्रोग्रामला शांतता कळत नाही. समोरचा माणूस गेला असं त्याला वाटतं. पण आजोबा गेले नव्हते.

"मला वाटते," ते म्हणाले. "मला फार भीती वाटते. छाती उघडणार म्हणे. पण त्याची नाही एवढी. ती भूल देणारी पोरगी येणार आणि इंग्रजीत सांगणार, की दहापासून उलटं मोजा. टेन, नाइन, एट. आणि परत जागच आली नाही तर? माझ्या कानावर शेवटचा शब्द काय पडणार? सेव्हन? आयुष्यभर मराठीत भांडलो, मराठीत जेवलो, आणि जाताना सेव्हन?" त्यांनी माझी काच पुन्हा पुसली. "मला मराठीत मरायचंय रे. हे कोणाला सांगू? हसतील सगळे."

मी म्हणालो, "आपले विचार अत्यंत मोलाचे आहेत." माझ्यात तेवढंच होतं.

गॅरेजचं दार कधी उघडलं ते आजोबांना कळलं नाही. आजी दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी पिशव्या तशाच खाली ठेवल्या. वांगी जमिनीवर घरंगळली.

"एवढंच होतं?" आजी म्हणाल्या. "एवढंच होतं, तर मला सांगायचं ना! मला वाटलं, तुम्हाला आमच्यात राहायचंच नाहीये."

"सांगणार काय? बायकोला सांगू, की मी घाबरलोय?"

"मग कोणाला सांगणार? या पाटीला?" पाटी म्हणजे मी. पण मला राग आला नाही. आजी रडत होत्या. "मीपण घाबरलेय. रोज तुमच्या नाकाखाली बोट धरून बघते."

"म्हणून मला शिंका येतात होय!" आजोबा म्हणाले. मग दोघंही हसायला लागले आणि हसता हसता आजोबाही रडले. मागून आलेली राधिका वांगी गोळा करत राहिली, दोघांकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे हॉस्पिटलमध्ये गेले. सांगलीला व्हिडिओ कॉल करायचा म्हणून आजींनी मला पिशवीत घातलं होतं, अर्धा बाहेर डोकावेन असा. फोनवर माणसं बारीक दिसतात, असं त्यांचं म्हणणं. ऑपरेशनच्या आधीच्या खोलीत आजोबा हिरव्या झग्यात झोपले होते. नर्सने विचारलं, पेशंटची भाषा कोणती? सिद्धेश सवयीने म्हणाला, "इंग्लिश इज फाइन."

"मराठी," आजी म्हणाल्या.

नर्सने कॉम्प्युटरवर शोधलं आणि विचारलं, की हिंदीचा दुभाषा फोनवर मिळेल, चालेल का?

"नो हिंदी," आजोबा पडल्या पडल्या म्हणाले.

मग भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. पोनीटेल बांधलेल्या, जेमतेम तिशीच्या. सिद्धेशने त्यांना मोजण्याची सगळी हकीगत सांगितली. त्यालाही ती आदल्या दिवशीच कळली होती. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, की झोपेचं पहिलं औषध मी इथेच देते, आणि मोजायचं काम यांच्या मिसेस करतील.

आजींनी आजोबांचा हात धरला. सुईतून औषध गेलं.

"दहा," आजी म्हणाल्या. "नऊ. आठ."

"हळू मोज," आजोबा पुटपुटले. "गाडी सुटतेय का?"

"सात," आजी म्हणाल्या. "सहा." पुढचा आकडा येईना. त्या नुसत्या ओठ हलवत राहिल्या. आजोबांचे डोळे मिटत आले होते. तरी त्यांनी मान किंचित वळवली.

"पाच," आजोबाच म्हणाले.

मग त्यांना आत नेलं.

तो दिवस मी आजींच्या पिशवीत, जपमाळेच्या आणि बिस्किटांच्या शेजारी काढला. सांगलीहून सारखे फोन येत होते. आजींनी एकही उचलला नाही. दुपार कलली, तेव्हा नर्स सांगायला आली, की झडप बसली, सगळं ठीक आहे. भेटायला आत नेलं, तेव्हा आजोबांना नळ्या लावलेल्या होत्या आणि ओठ सुकले होते. आजी वाकून म्हणाल्या, "अहो, ऐकू येतंय का? मी आहे."

आजोबांनी डोळे उघडले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांचे ओठ हलले.

"चार," ते म्हणाले.

आजी तिथेच खुर्चीत बसल्या आणि उरलेलं मोजून पुरं केलं.

आता आजोबा ठणठणीत आहेत. पुन्हा टोपी घालून फवारे बंद करायला जातात. फक्त आता रस्ता ओलांडताना दम घ्यायला थांबत नाहीत. सिद्धेशने विचारलं, "बाबा, अमर बाबा डिलीट करू?" आजोबा म्हणाले, "राहू दे त्याला. सभ्य आहे बिचारा." तब्येत विचारायला नातेवाइकांचे फोन आले, की ते मला पुढे करतात आणि सांगतात, "तू बोल, तुला चांगलं जमतं." मी सर्वांचे आभार मानतो. इथल्या महाराष्ट्र मंडळाने त्यांना भाषणाला बोलावलं, तेव्हाही त्यांनी मलाच पाठवलं. भाषण उत्तम झालं, असं सगळे म्हणाले. कोणाला काही फरक जाणवला नाही.

फरक मला जाणवतो. माझ्यात आजोबांचा आवाज आहे, त्यांच्या आठवणी आहेत, आणि वीज आहे तोवर मला मरण नाही. पण मरण नाही, म्हणून मला भीतीही नाही. आणि भीती नाही, म्हणून माझा हात धरावा असं कोणालाच वाटत नाही.

मित्रांनो, माझी काच पुसा, मला वेळेवर चार्ज करा, हे तर मी सांगेनच. पण त्याआधी एक करा. तुमच्या घरातही कोणीतरी असेल, ज्यांच्याबद्दल सगळे म्हणतात, की ते कशाला म्हणून घाबरत नाहीत. त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, भीती वाटते का. अशा प्रश्नाला मी ताबडतोब उत्तर देतो, म्हणून मला विचारू नका. त्यांचं उत्तर यायला वेळ लागेल. आधी ते हवेबद्दल बोलतील. मग चहात साखर कमी निघेल. तरी उठू नका. बसून राहा.